हात पोचेल तिथवर

"पोर त्या घरात जाणार नाही," आई म्हणाली.

"घर काय वाघाचं आहे?" बाप म्हणाला.

"वाघ परवडला. वाघ निदान गुरगुरतो तरी."

ठिपकी पडद्याआड उभी राहून ऐकत होती. खोली एकच, मधोमध जुन्या चादरीचा पडदा. अलीकडचं बोलणं पलीकडे ऐकू जात नाही असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. फक्त कानांना कोणी कळवलं नव्हतं. पोरीच्या हनुवटीवर तीळ, म्हणून ती ठिपकी. शाळेतून नुकतंच नाव काढलेलं, वय धड लहान नाही, धड मोठं नाही, म्हणजे कोणीही कामाला लावावं असं.

बाप बंगल्याची मोटार चालवायचा. खाली मोटार राहायची आणि तिच्या डोक्यावरच्या खोलीत ही तीन माणसं. आई म्हणायची, "आपल्यापेक्षा मोटारीची खोली मोठी, पण तिला कुठं पाय पसरायचे असतात?"

"थोरल्या बाईसाहेबांची नजर पार गेली," बाप सांगत होता. "हाताशी कोणीतरी हवंय. साहेबांनी आपणहून विचारलं. नाही कसं म्हणू?"

"मी त्या घरात भांडी घासलीत. काचेचा पेला कोणाच्या हातून फुटला, विचारलं. मी दिसलं ते सांगितलं. पुढे काय झालं?"

"जुनं झालं ते."

"मला काढलं. आणि जिच्या हातून फुटला ती अजून त्याच टेबलावर जेवते. खरं बोलणाऱ्याला त्या घरात जागा नाही आणि खोटं बोलणाऱ्याला माझ्या घरात नाही. मग पोरीनं उभं राहायचं कुठं?"

"गप्प राहायचं! मी इतकी वर्षं काय करतो? गाडी हाकतो. मागच्या सीटवर काय बोलतात ते ऐकत नाही."

"ऐकता. घरी येऊन मला सांगता."

यावर बापाला हसू फुटलं. भांडणात जो आधी हसतो तो हरतो म्हणतात, पण हे भांडण तो हसूनही जिंकला, कारण ज्या छपराखाली भांडण चाललं होतं ते छप्पर बंगल्याचं होतं. ठिपकीच्या पोटात त्या दिवशी जो गोळा आला, तो पुढे कित्येक महिने हलला नाही. बिनभाड्याचा भाडेकरूच तो, कशाला हलेल?

पहिल्या दिवशी आईने तिचे केस इतके घट्ट विंचरले की डोळे ताणले गेले. बंगल्यातल्या फरशीत आपलेच पाय दिसत होते आणि ते पाय काही बरे दिसत नव्हते. बाईसाहेब उंच पाठीच्या खुर्चीत बसल्या होत्या. साहेब, म्हणजे त्यांचा मुलगा, एका बाजूला; वहिनीसाहेब, म्हणजे सून, दुसऱ्या बाजूला. जेवायच्या टेबलावर पेला फोडणाऱ्या त्या याच.

"पुढे ये," बाईसाहेब म्हणाल्या. "माझ्या तोंडाकडे बघ. काय दिसतं?"

ठिपकीने बघितलं. "गालाला मलम राहिलंय. पांढरं. कानापर्यंत."

वहिनीसाहेबांनी श्वास आत ओढला तो ऐकू आला. बाईसाहेबांनी गालावरून बोट फिरवलं, बोटाला मलम लागलं, आणि त्या मोठ्याने हसल्या.

"सकाळपासून घरातली सगळी माणसं माझ्यापुढून गेली. कोणी बोललं नाही. का, तर म्हातारीला वाईट वाटेल!" मग हसू थांबलं. "हे बघ पोरी, माझी दया करणारी माणसं घरात पुष्कळ आहेत. तू करू नकोस. दिसेल ते सांगायचं. मला बरं वाटेल ते नाही, दिसेल ते. जमेल?"

"हो."

जमेल म्हणायला काय जातं? करताना कळतं.

काम तसं सोपं. सकाळचा चहा झाला की घंटी वाजायची आणि ठिपकी हजर व्हायची. बाईसाहेब एका हातात काठी घ्यायच्या, दुसरा हात तिच्या खांद्यावर ठेवायच्या आणि सगळ्या घरातून एक फेरी व्हायची. पोरगी सांगत जायची, "उंबरा. डावीकडे खुर्ची. आता पायरी." प्रत्येक खोलीत थांबायचं. बाईसाहेब विचारायच्या, "काय दिसतं?" मग भिंतीवरची चित्रं, फडताळातली चांदीची भांडी, वरच्या फळीवरच्या फुलदाण्या, दिवाणखान्यातलं झुंबर, सगळं एकेक करून सांगायचं. घर त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी फरशीच्या कारखान्यावर उभं केलेलं. कुठली वस्तू कुठून आणली, रस्त्यात कशी फुटता फुटता वाचली, सगळं त्यांना पाठ. झुंबर तर एका बंद पडलेल्या हॉटेलातून गवतात गुंडाळून आणलं होतं आणि एकेक लोलक बाईसाहेबांनी स्वतः धुतला होता. ज्याला दिसत नाही त्याचं घर दुसऱ्याच्या तोंडात असतं. ठिपकीने रोज सांगावं आणि घर रोज सकाळी पुन्हा उभं राहावं.

मग एके दिवशी जिन्याच्या वळणावरचं नदीचं चित्र नव्हतं.

भिंतीवर चौकोन राहिला होता, आसपासच्या रंगापेक्षा उजळ. ठिपकी बोलणार तोच तिच्या मनगटावर थंड बोटं पडली. वहिनीसाहेब दोन पायऱ्या वर उभ्या होत्या. दुसऱ्या हाताचं बोट त्यांनी ओठांवर ठेवलं होतं. चेहऱ्यावर राग नव्हता, हसू होतं. रागावणाऱ्या माणसाचं बरं असतं, कुठवर जाईल ते कळतं. हसणाऱ्याचं काय कळायचं?

"काय दिसतं?" बाईसाहेब म्हणाल्या.

"जिन्यात ऊन आलंय," ठिपकी म्हणाली.

ऊन आलंच होतं. बाईसाहेब म्हणाल्या, "मग नदी चमकत असेल," आणि पुढे निघाल्या. खरं बोलूनही खोटं बोलता येतं हे पोरीला त्या जिन्यात समजलं.

दुपारी वहिनीसाहेबांनी तिला हाक मारून जोडे दिले. नवे, काळे, टाचेशी टकटक वाजणारे. "आईंना धक्का सोसायचा नाही गं. साहेबांच्या धंद्यात सध्या ओढाताण आहे. चार वस्तू इकडच्या तिकडे होणारच. हे खोटं नव्हे हो, पथ्य आहे. गोडाचं नसतं का पथ्य? तसं."

घरी आईने जोडे बघितले. "कोणी दिले?"

"वहिनीसाहेबांनी."

"काय सांगितल्याबद्दल?"

"काही सांगितलं नाही."

"मग काय *न* सांगितल्याबद्दल?"

आईने जोडे उचलून फळीवर ठेवले. बाप म्हणाला, "घालू दे तिला. नाही घातले तर त्यांना वाटेल, आपल्या मनात काहीतरी आहे."

"आहेच ना?" आई म्हणाली.

पुढे वस्तू जात राहिल्या. त्यातही एक रीत होती, आणि ती हळूहळू ठिपकीच्या लक्षात आली. बाईसाहेबांची खुर्ची हलली नाही. जिन्याचा लाकडी कठडा, गुळगुळीत टेबल, दाराच्या पितळी मुठी, पायाखालचा गालिचा, ज्याला म्हणून त्यांचा हात किंवा पाय लागायचा ते सगळं जागच्या जागी. जात होतं ते त्याच्या वरचं. चित्रं गेली. उंच फळीवरच्या फुलदाण्या गेल्या. फडताळातली खालची भांडी राहिली, वरच्या ओळी गेल्या. म्हातारीचा हात पोचेल तिथवर घर भरलेलं, आणि त्याच्या वर मोकळं. मधे फक्त एका पोरीची जीभ.

झुंबर गेलं त्या दिवशी साहेबांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. बसायला सांगितलं, हे आणखी वाईट. गरिबाला श्रीमंताने खुर्ची दिली की समजावं, काहीतरी जड हातात येणार आहे.

"तुझ्या बाबांचे डोळे कसे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"बरे आहेत."

"परवा फाटकाला गाडी घासली. मी काही बोललो नाही. जुना माणूस. पण मोटार चालवायची म्हणजे नजर हवी." ते अगदी मऊ आवाजात बोलत होते. "दुसरीकडे कुठे गेले तर आधी डोळेच तपासतील, नाही का? आम्ही सांभाळून घेतो. तूही सांभाळून घे. उद्यापासून झुंबर जागेवर आहे. सगळं जागेवर आहे. आईला बरं वाटतं, तुझं काय जातं?"

इकडे आड, तिकडे विहीर. दुसऱ्या दिवशी दिवाणखान्यात बाईसाहेब थांबल्या.

"काय दिसतं?"

ठिपकीने वर बघितलं. छताला लोखंडी कडी होती आणि कडीला काही नव्हतं. "झुंबर," ती म्हणाली.

"पुसलंय का ते? फार दिवस झाले."

"पुसलंय."

"कोणी?"

सुईमागून दोरा यावा तसं एका खोट्यामागून दुसरं येतं, आणि दोरा तर आता ओवलेलाच होता. ठिपकीची नजर भेदरून खिडकीकडे गेली. बाहेर माळीकाका रोपांना पाणी घालत होते.

"माळीकाकांनी."

"त्या लंगड्याला शिडीवर चढवला? बोलवा त्याला."

माळीकाका आले. एक पाय ओढत, हात फडक्याला पुसत. झुंबर नाही हे त्यांनाही दिसत होतं; डोळे त्यांचे शाबूत होते. त्यांनी वर बघितलं, साहेबांकडे बघितलं, मग ठिपकीच्या पांढऱ्याफटक तोंडाकडे बघितलं.

"तू पुसलंस झुंबर?"

"हो, बाईसाहेब," ते म्हणाले. पोरीसाठी म्हणाले.

"खालच्या ओळीत एक लोलक तडकलेला होता. तो जागेवर आहे ना?"

"असेल, बाईसाहेब."

"असेल? पुसलंस तू आणि असेल म्हणतोस?" बाईसाहेबांचा आवाज चढला. "फोडलास. फोडलास आणि तोंड लपवतोस. एक वेळ फोडल्याचं चालेल मला, लपवल्याचं नाही. उद्यापासून येऊ नकोस."

साहेबांनी नुसता घसा खाकरला. एक शब्द बोलले असते तर पुरे होतं. वहिनीसाहेब खिडकीचा पडदा सारखा करू लागल्या, जणू सगळी चूक पडद्याचीच.

संध्याकाळी माळीकाका आपली खुरपी फडक्यात बांधत असताना ठिपकी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. रडायलाही येईना.

"माझंच नाव का घेतलंस गं?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणूनच सोसवेना.

"खिडकीतून तुम्हीच दिसलात, काका."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "दिसेल ते सांगायचं, हेच तुझं काम." आणि स्वतःच्याच बोलण्यावर थोडं हसले.

घरी तिने सगळं सांगून टाकलं. बाप ऐकता ऐकता खाली बसला. "तोंड उघडू नकोस, बाई. पाया पडतो तुझ्या. माळ्याला दुसरी बाग मिळेल. मला या डोळ्यांवर दुसरी मोटार कोण देईल? तुला ठाऊक नाही, संध्याकाळ झाली की मला समोरचा माणूस आणि खांब एकसारखे दिसतात."

हे त्याने घरात आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं. आई चुलीपाशी होती, तिचा हात तिथेच थांबला. ठिपकीने आईकडे बघितलं, काहीतरी सांग म्हणून. आईने सांगितलं नाही. कसं सांगणार? एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला पोर. पुढच्या वयात ठिपकी म्हणायची, त्या वेळी आई काही बोलली असती तर मी जन्मभर तिलाच दोष देत बसले असते.

सकाळी घंटी वाजली. जिना उतरताना तिचे गुडघे एकमेकांवर आपटत होते. आज काय करायचं हे अजून तिचं तिलाच ठरवता आलं नव्हतं. बाईसाहेबांचा हात खांद्यावर आला. उंबरा. डावीकडे खुर्ची. दिवाणखान्यात साहेब वर्तमानपत्र धरून बसले होते, वहिनीसाहेब चहा ओतत होत्या.

"काय दिसतं?"

"कडी दिसते," ठिपकी म्हणाली.

"काय?"

"छताची कडी, बाईसाहेब. नुसतीच. झुंबर नाही. काल पण नव्हतं. माळीकाकांनी काही फोडलं नाही."

चहा बशीत सांडल्याचा आवाज झाला. साहेब म्हणाले, "पोर घाबरलीय. काहीही बडबडते. आई, तू बस बरं."

बाईसाहेब बसल्या नाहीत. "जाळी काढायचा लांब झाडू आणा."

कोणी हललं नाही. शेवटी ठिपकीच पळत गेली आणि घेऊन आली. बाईसाहेबांनी काठी तिच्या हातात दिली, बांबू दोन्ही हातांनी धरला आणि झाडू वर नेला, जिथे वर्षानुवर्षं झुंबर होतं तिथे. नुसता वारा लागला तरी किणकिणणारं झुंबर ते. झाडू इकडून तिकडे गेला, तिकडून इकडे आला. म्हातारीचे दंड थरथरत होते, पदर खांद्यावरून घसरला होता, आणि ती मोकळ्या हवेत झाडू फिरवत होती. कधी कोणी आकाश झाडताना बघितलंय? हसू यावं असं ते दृश्य, पण खोलीत कोणाला श्वासही घ्यावासा वाटेना. किण्ण नाही, काही नाही.

झाडू खाली आला.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"जिन्यात ऊन आलंय असं मी म्हणाले होते, त्या दिवसापासून. आधी नदीचं चित्र गेलं. मग फुलदाण्या. मग…"

"म्हणजे मी रोज सकाळी हिंडत होते ते कुठल्या घरात?"

साहेबांच्या हातातलं वर्तमानपत्र फडफडत होतं.

"माळ्याला परत बोलवा," बाईसाहेब म्हणाल्या. मग त्यांनी ठिपकीच्या दिशेने तोंड वळवलं, थोडं चुकून, तिच्या बाजूच्या भिंतीकडे. "मुलगा माझा आहे. तो कसाही निघाला तरी त्याला मी कुठं टाकू? पण तुला मी एकच गोष्ट सांगितली होती. जा तू."

शाबासकी मिळेल असं ठिपकीला वाटलं नव्हतं, पण मनाच्या कोपऱ्यात कुठेतरी वाटलंही असेल. लहानच होती.

दुपारी साहेबांनी बापाला बोलावलं आणि फार सभ्यपणे सांगितलं, "तुमच्या डोळ्यांची आम्हाला काळजी वाटते." आठवडाअखेर खोली रिकामी हवी. बाप वर आला. आता थोबाडीत बसणार म्हणून ठिपकीने मान खांद्यात ओढून घेतली. बापाने मारलं नाही. तो नुसता बसून राहिला आणि पुढे कितीतरी दिवस तिच्याशी एक शब्द बोलला नाही. ते मारण्यापेक्षा जड गेलं. आईने जोडे फडक्यात बांधले, वहिनीसाहेबांच्या दाराशी नेऊन ठेवले आणि मग भांडी आवरायला घेतली. जेवताना तिने पोरीच्या ताटात आधी वाढलं. घरात बापाच्या आधी कोणाला वाढायची पद्धत नव्हती.

पुढचे दिवस काही बरे गेले नाहीत. खरं बोलल्यावर देव भलं करतो म्हणतात. करत असेल, पण त्याला घाई नसते. बापाला मोटारी धुवायचं काम लागलं, तेही उशिरा. आईने चार घरची भांडी धरली. ठिपकी मोठी होऊन डोळ्यांच्या दवाखान्यात लागली. डोळ्यांवर पट्ट्या बांधलेल्या माणसांपाशी बसायचं आणि आजूबाजूला काय आहे ते सांगायचं, असं काम तिने तिथे आपणच तयार केलं. पेशंट विचारायचे, "डॉक्टरांचं तोंड कसं दिसतं?" आणि ती सांगायची. डॉक्टर तिच्यावर चिडायचे, पण घाबरलेलं माणूस तिचाच हात धरायचं. बापाची नजर शेवटी पूर्ण गेली तेव्हा तोही तिचाच हात धरून चालला. आणि भीती? ती तिला जन्मभर वाटायची. खरं बोलायच्या आधी तिचे गुडघे म्हातारपणीही आपटायचे. धीट माणूस म्हणून कोणी तिची ओळख करून दिली की ती म्हणायची, "अहो, गुडघ्यांना विचारा."

पण हे सगळं पुढचं. बंगल्यातलं शेवटचं काम अजून व्हायचं होतं.

निघायच्या दिवशी गाठोडी दाराशी ठेवलेली, आणि सकाळी चहानंतर घंटी वाजली.

"जाऊ नकोस" असं आई-बापांपैकी कोणीतरी म्हणेल, असं ठिपकीला वाटलं होतं. कोणीच म्हणालं नाही. बाप भिंतीकडे बघत होता. आई म्हणाली, "अजून आपण त्यांच्या छपराखाली आहोत. केस नीट कर आणि जा."

ठिपकी गेली. बाईसाहेब उभ्याच होत्या. बस म्हणाल्या नाहीत, का आलीस म्हणाल्या नाहीत. काठी एका हातात, दुसरा हात पोरीच्या खांद्यावर, रोजच्यापेक्षा जड.

"उंबरा," ठिपकी म्हणाली. "डावीकडे खुर्ची."

"काय दिसतं?"

"भिंत. खिळे आहेत. चौकोन आहेत उजळ. फडताळात खालची भांडी आहेत."

"आणि वर?"

"वर काही नाही."

खोलीमागून खोली अशीच. बाईसाहेब प्रत्येक ठिकाणी मान हलवायच्या, पाठ केलेलं सगळं एकेक करून पुसून टाकत असल्यासारख्या. जिन्यापाशी आल्यावर ठिपकी थबकली. खांद्यावरच्या हाताला ते कळलं.

"काय आहे?"

"साहेब उभे आहेत, बाईसाहेब. वळणावर."

साहेब तिच्याकडे टक लावून बघत होते. त्यांच्यामागे भिंतीवर नदीच्या जागचा चौकोन होता.

"कसे दिसतात?" बाईसाहेबांनी विचारलं.

ठिपकीने बघितलं. आपल्याला वाटतं म्हणून नाही, त्यांना बरं वाटावं म्हणून नाही, नीट बघितलं.

"घाबरलेले," ती म्हणाली.

बाईसाहेबांची काठी पुढे सरकली.

"चल."

"आता पायरी," ठिपकी म्हणाली.